मनीला सातव्या मजल्यावर आणताना

सांगलीहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. त्यांचं घर जुनं, पुढे अंगण, मागे परसू. त्यांची मांजरी मनी तिथेच जन्मली. आता चार वर्षांची आहे, पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन झालेलं आहे, आणि दिवसातून दहा वेळा आत-बाहेर करते. घर पाडून नवं बांधायचं ठरल्यामुळे ताई सासूबाईंना आणि मनीला घेऊन पुण्याला मुलाच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला येणार आहेत. न्यू जर्सीची मुलगी म्हणते, "आई, मांजर बाहेर सोडायचंच नसतं, इथे कुणी सोडत नाही." इंग्लंडात लीड्सला असलेल्या भाच्याला मात्र मांजर दत्तक देणाऱ्या संस्थेनं पहिला प्रश्न केला, की घराला बाग आहे का, मांजराला बाहेर जाता येईल का? आणि सासूबाईंचं म्हणणं, मुक्या जिवाला कोंडून ठेवणं हे पाप. ताई विचारतात, यात बरोबर कोण, आणि मनीचं काय करू?

ताई, मी सव्वीस वर्षं पुण्यात जनावरांचा डॉक्टर आहे आणि गेली पंधरा वर्षं माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मी मांजरं असतात. माझं मत आधीच सांगतो: मनीला फ्लॅटमध्ये आतच ठेवा. पण मुलगी सांगते त्या कारणासाठी नाही. तिघंही आपापल्या दाराबाहेर काय आहे ते बघून बोलताहेत, आणि तुमच्या दाराबाहेर चौथंच काहीतरी आहे.

भाच्याचं आधी घेऊ. इंग्लंडमध्ये रस्त्यावर भटकी कुत्री नाहीत. तिथल्या जमिनीवरच्या प्राण्यांत रेबीज नाही. मांजरावर झडप घालेल असं मोठं जंगली जनावर उरलेलं नाही. बैठी घरं, मागे छोटी बाग, बागेच्या दाराला मांजरापुरती झुलती झडप. बहुतेक पाळीव मांजरांची ऑपरेशनं झालेली असतात, त्यामुळे बाहेर गेली म्हणून पिल्लावळ वाढत नाही. अशा ठिकाणी धडधाकट मांजराला कायम आत ठेवणं लोकांना क्रूर वाटतं, आणि त्यात मला नवल वाटत नाही. मांजराचं फिरणं तिथल्या कायद्यानंही गृहीत धरलंय. १९८८ च्या वाहतूक कायद्याप्रमाणे गाडीखाली कुत्रा आला तर चालकानं ते कळवायलाच हवं. त्या यादीत गाय, घोडा, गाढव, शेळी, डुक्कर आहेत, मांजर नाही. १० जून २०२४ पासून इंग्लंडमध्ये मांजराला मायक्रोचिप सक्तीची झाली, पण बाहेर सोडू नका असं तो नियम म्हणत नाही. हरवलं तर सापडावं एवढाच त्याचा हेतू.

मुलीच्या अमेरिकेत दाराबाहेर कोयोटी आहेत. आपल्या कोल्ह्या-लांडग्याच्या मधला हा प्राणी आता तिथल्या शहरांच्या वस्त्यांतही फिरतो आणि मांजर हे त्याचं सोपं भक्ष्य. रॅकून, स्कंक असे रानप्राणी आणि वटवाघळं यांच्यात रेबीज आहे, आणि तिथल्या पाळीव प्राण्यांत रेबीज सर्वांत जास्त मांजरांत सापडतो. शिवाय पक्ष्यांचा प्रश्न आहे. २०१३ साली एका मोठ्या अभ्यासानं अंदाज मांडला, की अमेरिकेतली मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात. त्यातले बहुतेक बेवारस मांजरांनी मारलेले असतात, हे सांगताना लोक विसरतात. पण "मांजर आत ठेवा" हे तिथे पक्षिमित्र आणि अनेक मांजरप्रेमी दोघांचंही म्हणणं आहे.

तरीही ही पद्धत तिथे काही फार जुनी नाही. १९४७ साली मिशिगनमध्ये एड लोव नावाच्या तरुणाकडे शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली, कारण थंडीत तिची वाळू गोठली होती. त्यानं सांडलेलं तेल टिपायला वापरतात त्या चिकणमातीचे सुकवलेले दाणे दिले. त्यातून लिटरचा, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी ट्रेमध्ये पसरायच्या दाण्यांचा, धंदा उभा राहिला. वास आटोक्यात आल्यावरच मांजर चोवीस तास माणसाच्या खोलीत राहू शकलं. म्हणजे "मांजर आतच असतं" ही समजूत आपल्या आजोबांच्या वयाची आहे. आणि त्याच देशात सोफे फाटू नयेत म्हणून मांजराची नखं काढायची पद्धत पडली. नखं काढणं म्हणजे बोटाचं शेवटचं पेर कापणं. इंग्लंडमध्ये ते बेकायदा आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यानं २०१९ मध्ये बंदी घातली तेव्हा ते तिथलं पहिलं राज्य ठरलं. तेव्हा आत ठेवणारे जास्त प्रेमळ की सोडणारे, याचा निकाल इतक्या सरळ लागत नाही.

ऑस्ट्रेलियात तर मांजर युरोपीय लोकांबरोबर आलं. तिथल्या लहान पिशवीवाल्या प्राण्यांना या शिकाऱ्याची सवयच नव्हती. म्हणून कॅनबेरात १ जुलै २०२२ नंतर जन्मलेलं मांजर आवारातच ठेवावं लागतं. जर्मनीतल्या वालडॉर्फ गावानं त्याच वर्षी उन्हाळ्यात गावाच्या एका भागातली मांजरं काही महिने घरात ठेवायचा आदेश काढला, कारण तिथे जमिनीवर घरटं करणाऱ्या तुरेवाल्या चंडोलाच्या मोजक्याच जोड्या उरल्या होत्या. आपल्या माळावरच्या चंडोलाचाच तो भाऊबंद. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये, बर्न शहरात, चार मजली इमारतींना बाहेरून मांजरांसाठी लाकडी शिड्या लावलेल्या दिसतात, म्हणजे फ्लॅटमधलं मांजरही रस्त्यावर उतरावं! जपानात १६०२ साली क्योटोत उंदरांपायी हुकूम निघाला होता, की बांधून ठेवलेली मांजरं सोडून द्या. आज तिथलंच पर्यावरण मंत्रालय सांगतं, आत ठेवा. मांजर तेच राहिलं. आजूबाजूची गरज बदलली.

आता सासूबाईंचं म्हणणं. ते मी हसण्यावारी नेणार नाही, कारण माझीही आजी तेच म्हणायची. वाईजवळच्या आमच्या घरात मांजर "पाळलेलं" नव्हतंच, ते होतं. माळ्यावर धान्य, कणगीत ज्वारी, म्हणजे उंदीर आलेच, आणि उंदरामागे मांजर. त्याला कुणी विकत आणलं नाही, पट्टा बांधला नाही. ताकातली भाकरी, दुधाच्या भांड्याची खरवड, मासे आणले त्या दिवशी डोकी, एवढ्यावर ते घराशी बांधलेलं. मांजरी पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात, त्या सातही घरांत तिला वाटी मिळायची. मांजर हातून मेलं तर सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं, हा धाक होता. ज्याचं घर त्याचं मांजर असा हक्क कुणी सांगत नव्हतं, ते आळीचं असायचं. इस्तंबूलच्या गल्ल्यांतल्या मांजरांबद्दल लोक आज कौतुकानं बोलतात, ते आपल्याकडे कोकणात, घाटावर पिढ्यान् पिढ्या होतंच. यात एक मोठेपणा आहे, की मुक्या जिवाला आपल्या सोयीनं वाकवायचं नाही.

पण डॉक्टर झाल्यावर एक गोष्ट मला टोचायला लागली. आजीच्या मांजरीला वर्षातून दोन वेळा तरी पिल्लं व्हायची, तीन-चार. आठ-दहा वर्षांचा हिशेब केला तर साठ-सत्तर पिल्लं. मला आठवतात ती चार मांजरं. बाकीची कुठे गेली, हे घरात कुणी विचारलं नाही. काही बोक्यानं मारली, काही कुत्र्यांनी, काही एका पावसाळ्यात एकदम ओकून-हगून गेली. तो मांजरांचा पार्वो होता, हे मला कॉलेजात कळलं. फार झाली तर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यायची. तेही कुणाला पाप वाटत नव्हतं. आम्ही मोकळ्या मांजराचं सुख जगलेल्या मांजरांवरून मोजत होतो. मेलेली मोजली असती तर सासूबाईंनी आणि माझ्या आजीनंही दार थोडं कमी उघडं ठेवलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचं दार. पुण्यातल्या सोसायटीत खाली उतरलेल्या मांजराला काय भेटतं ते माझ्या टेबलावर रोज दिसतं. पार्किंगमधली कुत्र्यांची टोळी. थंडीत गाडीच्या इंजिनाजवळ झोपलेलं आणि चावी फिरवल्यावर कापलेलं पिल्लू. उंदरांच्या औषधानं मेलेला उंदीर खाऊन हिरड्यांतून रक्त येणारी मांजरी. हिला वेळेत व्हिटॅमिन के मिळालं तर वाचते, पण बाहेर फिरणाऱ्या मांजरानं काय खाल्लं ते मालकाला माहीतच नसतं आणि दोन दिवस तसेच जातात. उंदरांसाठी ठेवलेल्या चिकट पॅडला अडकलेली पिल्लंही येतात. तसं झालं तर ओढू नका, खायचं तेल चोळून हळूहळू सोडवा.

आणि सातव्या मजल्यावर याहून मोठा धोका दाराबाहेर नाही, गॅलरीत आहे.

गेल्या पावसाळ्यात पहाटे एक जोडपं टॉवेलात गुंडाळलेला बोका घेऊन आलं. सहावा मजला. "डॉक्टर, तो खूप हुशार आहे, रोज कठड्यावर बसतो, कधी पडला नाही." त्याच्या तोंडात कबुतराचं एक राखाडी पीस तसंच होतं. हनुवटी फुटलेली. तोंड उघडून बघितलं तर टाळू मधोमध चिरलेली, पुढच्या दातांपासून घशापर्यंत सरळ रेघ. श्वास उथळ आणि पोटातून. छातीत, फुफ्फुसाबाहेर हवा भरली होती. मी बरगड्यांमधून सुई घालून हवा काढली, तीन सिरिंज भरून निघाली, तेव्हा कुठे त्याच्या हिरड्यांवर गुलाबी रंग आला. मांजर हवेत वळून पायांवर उतरतं हे खरं, पण पायांच्या पाठोपाठ छाती आणि हनुवटी आदळतात, म्हणून ही ठरलेली त्रिकूट जखम: टाळू, छाती, पाय. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयानं १९८७ साली उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद छापली. त्यातली ज्यांच्यावर उपचार झाले ती ९० टक्के जगली, असा आकडा सगळीकडे सांगतात. मी तो आकडा गॅलरीवाल्यांना सांगत नाही. जी जागच्या जागी गेली ती रुग्णालयात आलीच नव्हती. तो बोका जगला. सहा आठवडे नळीनं खाणं घालावं लागलं.

म्हणून ताई, मनीला आणण्यापूर्वी जाळी. मुलगा म्हणेल, कबुतरांची जाळी आहे की. ती नायलॉनची असेल तर मांजर दातांनी धागा कुरतडतं, शिवाय ती कडेला आकड्यांवर ढिली लटकते आणि खालच्या कोपऱ्यात डोकं जाईल एवढी फट राहते. डोकं गेलं की मांजर गेलं. जाड विणीची, चारही बाजूंनी ताणून पट्टीत बसवलेली जाळी घ्या, नाहीतर स्टीलच्या तारेची. सरकत्या खिडकीची डासांची जाळी ही जाळीच नव्हे. मांजरानं अंग टेकलं की ती चौकटीतून निसटते. बाथरूमची झडपेची खिडकी सगळ्यांच्या नजरेतून सुटते, तीही बघा.

एवढं केलं की मनी जिवंत राहील. पण सासूबाईंच्या बोलण्यातलं खरं इथून पुढे सुरू होतं. नुसतं कोंडून ठेवलेलं मांजरही माझ्याकडे येतं, फक्त वेगळा आजार घेऊन. लठ्ठ मांजरं, मधुमेहाची मांजरं, पोटावरचे केस चाटून चाटून काढलेली मांजरं. सर्वांत जास्त, लघवीची. मूत्राशय सुजतं, जंतू सापडत नाहीत, कारण ताण असतो. बोक्यात तर मार्गच बंद होतो. बोका वारंवार लिटरमध्ये जाऊन जोर करतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री डॉक्टर गाठा. दिवस-दीड दिवसात जीव जाऊ शकतो. ज्या घरात मांजराला वरून बघायला जागा नाही, पाठलाग करायला काही नाही आणि दिवसभर ताटलीत दाणे भरलेले आहेत, ते घर मांजरासाठी कोंडवाडाच आहे. तिथे सासूबाई बरोबर आहेत.

मनीसाठी मी असं करीन. पहिले आठ-दहा दिवस एकच खोली, जिथे तुम्ही झोपता ती. पूर्ण फ्लॅट एकदम दिला तर ती पलंगाखाली जाऊन बसेल. चार वर्षं परसात माती उकरून बसलेल्या मांजरीला लिटर म्हणजे काय ते कळणार नाही, म्हणून सांगलीच्या परसातली माती पिशवीभर आणा, ट्रेमध्ये सुरुवातीला तीच वर पसरा आणि रोज थोडी कमी करत न्या. ट्रे दोन ठेवा, एक मोठा आणि उघडा, जेवणाच्या ताटलीपासून लांब. पाण्याचं भांडंही ताटलीला चिकटून नको.

कपाटाचा माथा मोकळा करून द्या आणि तिथे चढायला मधली एक पायरी, स्टूल किंवा फळी. जाळी लावलेल्या खिडकीत बसायला रुंद फळी. कबुतरं बघायला मिळाली तर तिचा अर्धा दिवस जातो. नखं घासायला लाकडी खांबाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा, उंची इतकी की तिला पूर्ण अंग ताणता यावं. हे नाही दिलं तर सोफा जाणारच, आणि तो दोष मांजराचा नाही.

शिकार मात्र तुम्हाला घडवून आणावी लागेल. मांजराची वेळ पहाटेची आणि दिवेलागणीची. त्या दोन्ही वेळांना दहा-दहा मिनिटं काठीला दोरी आणि दोरीला चिंधी बांधून जमिनीवरून पळवा, पडद्यामागे लपवा, शेवटी तिला पकडू द्या, आणि पकडल्याबरोबर जेवण. पाठलाग, झडप, खाणं, अंग चाटणं, झोप, हा क्रम पूर्ण झाला की रात्रीचं ओरडणं निम्म्यानं कमी होतं. जेवणात दूध-पोळी बंद करा. मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही, आणि टॉरिन नावाचा घटक फक्त मांस-मासळीतून मिळतो. तो कमी पडला की हृदयाचे स्नायू ढिले पडतात. हे १९८७ मध्येच सिद्ध झालंय. सांगलीत ती उंदीर-पाली खाऊन ही कसर भरून काढत होती. फ्लॅटमध्ये तिला कोण देणार?

पहिले दोन आठवडे ती दाराशी बसून ओरडेल. हे दोन आठवडे सासूबाईंना सांभाळणं तुम्हाला मनीपेक्षा अवघड जाईल. एकदा जरी कीव येऊन दार उघडलं, तर ओरडल्यावर दार उघडतं हे ती शिकेल आणि मग महिनोन् महिने ओरडेल. सासूबाईंना खेळाची काठी द्या. ज्यांना कोंडण्याचं वाईट वाटतं, त्यांच्या हातून मांजर सर्वांत चांगलं खेळतं, हे मी खूप घरांत पाहिलंय.

लसी सांगलीहून निघण्याआधीच द्या. तीन रोगांची एकत्र लस आणि रेबीजची. "घरातच असते, तिला कशाला" असं म्हणू नका. पार्वोचा विषाणू चपलेच्या तळव्याला चिकटून येतो. आणि रेबीज आपल्या देशात आहे, तो इंग्लंडच्या सल्ल्यांत धरलेला नसतो. मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, मांजर घरचं असलं तरी.

सगळ्या मांजरांना हे जमतं असं नाही. सात वर्षांचा, गावभर फिरलेला एक बोका मी स्वतः फ्लॅटमध्ये बसवायचा प्रयत्न केला होता. चार महिने औषधं दिली, जागा बदलून बघितल्या, तो शेपटी चावून रक्तबंबाळ करायचा. शेवटी मीच मालकांना म्हटलं, याला भोरच्या घरी नेऊन ठेवा. ऑपरेशन झालेलं, लसी दिलेल्या, रात्री पडवीत बंद आणि दिवसा मोकळा. तिथे तो राहिला. ज्यांचं घर बैठं आहे, रस्ता लांब आहे, त्यांना मी आजही हेच सांगतो: ऑपरेशन आणि लसी आधी, दिवस मांजराचा, रात्र घराची. उसाच्या पट्ट्यात आणि जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांनी मात्र ऑपरेशन टाळूच नये. तिथे रानमांजर आणि वाघाटी (ठिपक्यांचं छोटं जंगली मांजर) राहतात, त्यांच्याशी आपल्या मांजरांचा संकर होऊ शकतो आणि आपल्याकडचे रोगही त्यांच्यात जातात. स्कॉटलंडची रानमांजरं संपत येण्यात अशा संकराचा मोठा वाटा आहे.

सांगलीच्या अंगणातल्या बुलबुल-शिंजीरांची काळजी तुम्ही लिहिली होती, तुम्ही परत जाल तेव्हाची. गळ्यात घंटा बांधू का, असं विचारलंत. एक्सेटर विद्यापीठानं इंग्लंडमधल्या ३५५ मांजरांवर हे मोजलं, २०२१ मध्ये छापलं. घंटेचा फरक दिसला नाही. मांसाचं प्रमाण चांगलं असलेलं खाणं दिल्यावर घरी आणलेली शिकार ३६ टक्के घटली, आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळल्यानं २५ टक्के. म्हणजे जी काठी पुण्यात मनीसाठी, तीच पुढे सांगलीत बुलबुलांसाठी.

निघताना एक करा. मनी ज्या गोणपाटावर झोपते ते धुऊ नका. तसंच, तिच्या वासासकट, पिंजऱ्यात तिच्याखाली घाला, प्रवासभर वरून सुती चादर टाका, आणि फ्लॅटमध्ये पोचल्यावर पिंजऱ्याचं दार उघडून ते गोणपाट पलंगाच्या कोपऱ्यात अंथरा. तिला बाहेर काढू नका. ती तिच्या वेळेनं येईल. आठवड्यानं वजन करून मला कळवा. चार किलोच्या मांजरीत पाव किलोचा फरकही मला कळायला हवा.